आधी एक पावसाळा काढा

आपल्याकडे माणसाचा अनुभव वर्षांत मोजत नाहीत, पावसाळ्यांत मोजतात. ‘त्यानं चार पावसाळे जास्त पाहिलेत’ असं म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत ज्यांनी नुकतंच स्वतःचं दुकान टाकलंय किंवा टाकायच्या बेतात आहेत, त्या भावाबहिणींना माझं सांगणं याच मापातलं आहे. तुमच्या धंद्यालाही आधी एक पावसाळा काढू द्या. तो निघेपर्यंत धंदा वाढवू नका, नवं कर्ज घेऊ नका आणि खचूही नका.

मी बोलतोय ते हाताच्या कामाच्या धंद्यांबद्दल. मोबाइल दुरुस्ती, शिवणकाम, पार्लर, सलून, मंडप-डेकोरेशन, लग्नाचं शूटिंग, ऑनलाइन फॉर्म भरून देणं, खानावळीचा डबा, भाड्यानं ट्रॅक्टर, ताडोब्याच्या गेटवरची जिप्सी. किराणावाल्याची साखर आज खपली नाही तर उद्या खपते. आपला आजचा दिवस रिकामा गेला तर तो उद्या विकता येत नाही. आपण आपला हात आणि आपला वेळ विकतो, आणि वेळ पोत्यात भरून ठेवता येत नाही. म्हणून या धंद्यांचं पहिलं वर्ष मालाच्या दुकानापेक्षा अवघड जातं.

माझं दुकान पंखे, कूलर आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्याचं, तालुक्याच्या गावी. गुढीपाडव्याला शटर उघडलं. आपल्याकडे मार्चपासून ऊन तापायला लागतं आणि मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. घराघरांतले कूलर बाहेर निघतात, कुणाचा पंप अडकलेला, कुणाची मोटार जळालेली. सकाळी सातला लोक दारात उभे असायचे. तीन महिन्यांत हातात इतका पैसा कधी पाहिला नव्हता. मला वाटलं, धंदा लागला. जूनमध्ये मी हप्त्यावर नवी यंत्रं घेतली आणि हाताखाली एक मुलगा ठेवला.

मग पाऊस लागला. कूलर माळ्यावर गेले आणि पंख्यांचा वेग कमी झाला. सगळा तालुका धानाच्या बांधीत उतरला. रोवणीच्या दिवसांत गावात दुपारी माणूस दिसत नाही, तर दुकानात कुठून येणार? एका आठवड्यात पाच गिऱ्हाइकं आली. जुलैचा हप्ता मी गाठीतून भरला. ऑगस्टच्या हप्त्याला गाठ रिकामी होती. माझी आई आणि बायको दुसऱ्याच्या बांधीत रोवणीला गेल्या, आणि गुडघाभर चिखलात मिळवलेल्या त्या मजुरीतून माझ्या दुकानाचा हप्ता भरला गेला. ती गोष्ट मी विसरलो नाही आणि विसरायची इच्छाही नाही. माझ्या हातात कसब होतं आणि मेहनतीला मी कधी मागं हटलो नव्हतो. चूक झाली ती हिशेबात. मी तीन महिन्यांची कमाई बाराही महिन्यांची समजून बसलो होतो.

दिवाळीला नवं दुकान उघडतं, पोळ्यापर्यंत शटर खाली येतं आणि पाटी मात्र वर तशीच लटकत राहते. मूल, सिंदेवाही, चामोर्शी, अहेरी, कुठल्याही तालुक्याच्या गावात ही शटरं दिसतात. आतला माणूस आळशी होता किंवा त्याला काम येत नव्हतं, असं सहसा नसतं. पहिल्या पावसाळ्याची सोय त्यानं केलेली नसते.

आपल्या भागाचं वर्ष ओळखा

पुण्या-मुंबईच्या पुस्तकातला धंद्याचा सल्ला महिन्याच्या पगारावर बेतलेला असतो. तिथल्या गिऱ्हाइकाच्या खात्यात पहिल्या तारखेला पैसा येतो. आपल्याकडे बल्लारपूर, घुग्घुस, गडचांदूर, दुर्गापूर असा खाणी, सिमेंट, कागद आणि वीजकेंद्राचा पट्टा सोडला, की पैसा महिन्यानं येत नाही, हंगामानं येतो.

धानाचं घ्या. कापणी ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू होते, मग चुरणा, मग आधारभूत केंद्रावर विक्री. धान विकला त्या दिवशी पैसा मिळत नाही, चुकारे नंतर खात्यात येतात. त्यामुळे शेतकऱ्याच्या हातात खरा पैसा डिसेंबर-जानेवारीकडे खेळतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल. एप्रिलच्या अखेरीपासून मे महिन्यात तेंदूपत्ता, तो जेमतेम दोन आठवड्यांचा हंगाम. पण धानोरा, कोरची, एटापल्ली, भामरागडकडच्या अनेक घरांची वर्षातली सगळ्यात मोठी रोख रक्कम तीच. लग्नं फेब्रुवारीपासून मेपर्यंत. जूनमध्ये शाळा-कॉलेजचे प्रवेश, तेव्हा दाखले काढून देणाऱ्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. जुलै-ऑगस्ट रोवणी. ऑगस्टच्या आसपास पोळा. सप्टेंबरमध्ये बियाण्या-खताचे पैसे खर्च झालेले, नवं पीक अजून उभं. हा सगळ्यात कडकीचा महिना.

जंगलाचंही स्वतःचं पंचांग आहे. ताडोब्याचा कोअर भाग १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो. मोहर्ली किंवा कोलारा गेटवर जिप्सी चालवणाऱ्या, गाइडचं काम करणाऱ्या किंवा पाहुण्यांना जेवण देणाऱ्या माणसाचं वर्ष नऊ महिन्यांचं असतं. बफरमधल्या काही फेऱ्या पावसाळ्यातही चालतात, पण त्यावर पूर्ण घर चालेल असं धरून चालू नका. भामरागडकडे तर पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद होतो. तिथं दुकान टाकणाऱ्यानं जुलै-ऑगस्टमधले काही दिवस गिऱ्हाईकही नाही आणि सामानाची गाडीही नाही, असे धरूनच चालावं.

म्हणून पहिलं काम सांगतो. भिंतीवरचं कॅलेंडर उतरवा आणि प्रत्येक महिन्यावर दोन गोष्टी लिहा. आपल्या गिऱ्हाइकाच्या हातात या महिन्यात पैसा असेल का? आणि त्याला आपलं काम या महिन्यात लागेल का? दोन्ही उत्तरं ‘हो’ असलेल्या महिन्यांवर हिरव्या शाईनं खुणा करा, दोन्ही ‘नाही’ असलेल्यांवर लाल शाईनं. स्वतःच्या मनानं लिहू नका. त्याच कामाचा जुना माणूस शेजारच्या तालुक्यात असेल, त्याच्याकडे जाऊन विचारा. आपल्या गावातला स्पर्धक सांगणार नाही, पण तीस-चाळीस किलोमीटरवरचा माणूस चहा पाजून सांगतो.

झाडीपट्टीकडून शिका

हंगामी सेवेचा धंदा कसा टिकतो, हे पाहायला लांब जायला नको. वडशाला जा. झाडीपट्टी रंगभूमीच्या नाट्यमंडळांची कार्यालयं तिथं आहेत. दिवाळीनंतर मंडई भरायला लागतात, शंकरपट होतात, गावात पाहुणे येतात आणि रात्री नाटक असतं. हा हंगाम होळीपर्यंत चालतो. गावातलं मंडळ वडशाला येऊन नाटक ठरवतं, विसार देतं, तारीख पक्की होते. मग पडदे, दिवे, आवाजाची यंत्रणा, वादक, नट असा सगळा संसार गाडीत घालून मंडळी गावोगाव फिरतात. रात्री उशिरा सुरू झालेला खेळ उजाडेपर्यंत चालतो आणि दुसऱ्या रात्री दुसरं गाव.

कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या नावावर पाच हजारांवर प्रयोग आहेत. या रंगभूमीवरचे अनेक कलावंत पावसाळ्यात शेती करतात. हंगामाचे चार-पाच महिने जीव ओतून काम करायचं, उरलेल्या महिन्यांत दुसरी भाकरी शोधायची, आणि हंगामाच्या पैशातून वर्षाचं गणित बसवायचं. ही रीत त्यांना कुठल्या प्रशिक्षणात शिकवली नाही, इथल्या धानानं शिकवली.

त्यांच्याकडून घ्यायच्या गोष्टी तीन. पहिली, विसार घेतल्याशिवाय तारीख द्यायची नाही. मंडपवाले, शूटिंगवाले, केटरिंगवाले, पार्लरवाल्या बहिणी, तुम्हाला हे सगळ्यात जास्त लागू आहे. लग्नाची तारीख फक्त तोंडी धरून ठेवाल आणि ऐनवेळी ते दुसऱ्याकडे जातील, तर तुमचा तो दिवस गेला. दुसरी, एकदा तारीख दिली की काहीही झालं तरी पोहोचायचं. गावानं तिकिटं विकलेली असतात, लेकी-जावई आलेले असतात; त्या रात्री नाटक झालं नाही तर त्या गावचं दार कायमचं बंद. तिसरी, बंद हंगामाचं काम आधीच ठरवून ठेवायचं. कूलरवाल्यानं पावसाळ्यात घरांचं वायरिंग करावं, लग्नाच्या मंडपवाल्यानं गणपती-दुर्गेच्या मंडळांशी जूनमध्येच बोलून ठेवावं, जिप्सीवाल्यानं गाडीची सगळी मोठी दुरुस्ती त्या तीन महिन्यांत करावी आणि सोबत दुसरं काम धरावं. पावसाळ्यात शेतावर जाण्यात कसलाही कमीपणा नाही. दुकानावर ‘सकाळी ७ ते १० आणि संध्याकाळी ५ नंतर’ अशी पाटी लावा आणि दुपारी बांधीत जा. तुमचं गिऱ्हाईकही तेव्हा तिथंच असतं.

दोन डबे, एक वही

आता पैशाचं. समजा दुकानाचं भाडं ३,०००, वीज ८००, हप्ता २,५०० आणि घरखर्च ९,००० रुपये आहे. महिन्याला झाले १५,३००. जुलै ते ऑक्टोबर या चार महिन्यांत कमाई या खर्चाच्या निम्मीच होईल असं धरा. दर महिन्याला ७,६५० कमी पडतील, चार महिन्यांत ३०,६००. म्हणजे जून संपताना साधारण तीस हजार रुपये बाजूला पडलेले पाहिजेत. एवढं ज्याच्याकडे आहे त्याचं दुकान पोळ्याला उघडं राहील. आकडे तुमचे तुम्ही घाला, पण हा हिशेब दुकान उघडण्याआधी कागदावर करा.

बाजूला ठेवायचं कसं? गल्ल्यातून घरखर्च काढायची सवय पहिल्याच दिवशी मोडा. दुकानाचा डबा वेगळा, घराचा वेगळा. बँकेतही खाती दोन. आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, स्वतःला ठरलेली मजुरी द्या. मे महिन्यात गल्ला भरभरून वाहत असला तरी तेवढीच. वरचं जे उरेल ते पावसाळ्याचं आहे. ज्या बहिणी घरातूनच शिवणकाम किंवा पार्लर चालवतात, त्यांनी हे जास्तच पाळावं. त्यांची कमाई भाजीत, दुधात, मुलांच्या वह्यांत न दिसता विरघळते आणि वर्षअखेरीस घरातलंच कुणीतरी विचारतं, ‘यात मिळतं तरी काय?’ त्या प्रश्नाला उत्तर द्यायला वही लागते.

वहीत रोज तीन ओळी पुरतात. आज किती आले, किती गेले, किती उधार राहिले. दुकान बंद करताना पाच मिनिटं. पहिल्या वर्षाची ही वही दुसऱ्या वर्षी सोन्याच्या मोलाची होते, कारण कुठला आठवडा चालतो आणि कुठला बसतो, हे तुमच्याच अक्षरात लिहिलेलं असतं.

कर्जाबद्दल स्पष्ट सांगतो. मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज तारणाशिवाय मिळतं. बहुतेक छोट्या दुकानांना पहिल्या वर्षी एवढं पुरतं. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात सेवा व्यवसायासाठी २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो आणि ग्रामीण भागात अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, महिला अशा अर्जदारांना ३५ टक्के अनुदान आहे. पण नीट ऐका. ते अनुदान हातात रोख मिळत नाही. बँकेत ते तुमच्या कर्जाच्या नावानं तीन वर्षं ठेव म्हणून राहतं आणि दुकान नीट चाललं तर नंतर कर्जातून वजा होतं. अनुदानाच्या ओढीनं गरजेपेक्षा मोठं कर्ज घेणारे पहिल्याच पावसाळ्यात अडकतात. सुतार, लोहार, गवंडी, शिंपी, नाभिक, परीट अशा १८ पारंपरिक कामांसाठी पीएम विश्वकर्मा योजना आहे. तिथं अवजारांसाठी १५,००० रुपयांची मदत आणि पाच टक्के व्याजानं पहिलं एक लाखाचं कर्ज असतं. चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करा, आणि काम शिकायचं असेल तर ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत; तिथलं प्रशिक्षण मोफत आहे. ‘साहेबांना द्यावे लागतात’ म्हणणाऱ्या मधल्या माणसाला दारातूनच परत पाठवा.

आठवड्याचा हप्ता असलेलं गटाचं कर्ज हंगामी धंद्यासाठी घेऊ नका. तुमचा पैसा हंगामानं येतो आणि हप्ता दर मंगळवारी दारात उभा राहतो. हे दोन पाय एका चालीनं पडत नाहीत. कर्ज काढायचंच तर बँकेत हप्ता ठरतानाच सांगा की जुलै ते ऑक्टोबर माझी आवक कमी असते. ऐकतीलच असं नाही, पण न सांगता कुणी ऐकणार नाही.

दर आणि उधारी

नव्या दुकानदाराला सगळ्यात जड जाते ती पैसे सांगण्याची वेळ. ‘द्या जी तुम्हाला वाटेल ते’ असं तो म्हणतो आणि पुढच्या वेळी तोच दर पक्का होऊन बसतो. असं करू नका. दराचा फलक लावा. काम हातात घेण्याआधी अंदाज सांगा आणि खर्च वाढणार असेल तर काम थांबवून फोन करा. पावतीवर सामान वेगळं आणि मजुरी वेगळी लिहा. बदललेला जुना सुटा भाग पिशवीत घालून गिऱ्हाइकाला परत द्या. जळालेली तार स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला माणूस घासाघीस करत नाही.

नात्यातलं काम येणारच. मामाचा पंखा, मावशीचा ब्लाउज, वर्गमित्राच्या बहिणीचं शूटिंग. माझा नियम साधा होता. मजुरी सोडायची तर सोडा, सामानाचे पैसे कुणाला सोडू नका. सामान तुम्ही विकत आणलेलं असतं. ते फुकट दिलं तर तुम्ही पैसे देऊन काम करत असता.

आणि उधारी. ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी शहरात शोभते. इथं ‘धान विकल्यावर देतो’ म्हणणारा माणूस फसवत नसतो, तो आपल्या पिकाचं वेळापत्रक सांगत असतो. त्याला परत पाठवलंत तर हंगाम आल्यावर तो तुमच्याकडे येणार नाही. पण उधारीला तीन कुंपणं घाला. सामानाचे पैसे रोख, उधारी फक्त मजुरीची. वहीत तारीख, रक्कम, फोन नंबर आणि त्याची सही किंवा अंगठा. आणि सगळ्यांची मिळून उधारी एका महिन्याच्या खर्चावर गेली की हात जोडून थांबायचं. वसुलीची वेळही ओळखा. चुकारे खात्यात आल्याची बातमी गावात एका दिवसात पसरते. त्या आठवड्यात घरी जाऊन भेटा, चारचौघांत मागू नका.

शब्दाची किंमत

त्या पहिल्या वर्षी सप्टेंबरमध्ये पावसानं ओढ दिली. धान निसवण्याच्या बेतात होता आणि बांध्या भेगाळायला लागल्या होत्या. एका संध्याकाळी दूरच्या गावचा एक शेतकरी जळालेली मोटार दुचाकीवर बांधून आला. ‘का जी, होईल का आज?’ एवढंच म्हणाला. खिशात पैसे नव्हते, ते त्यानं आधीच सांगितलं. मी रात्रभर बसून वाइंडिंग केलं, वार्निश वाळवलं आणि पहाटे मोटार फिरवून दाखवली. डिसेंबरात तो पैसे घेऊन आला, सोबत तांदळाची पोती. त्यानंतर त्या गावची एकही मोटार दुसऱ्या दुकानात गेली नाही. माझी खरी जाहिरात त्या एका रात्रीत झाली.

आपल्या गिऱ्हाइकाचं येणं कसं असतं, ते ध्यानात ठेवा. तो सकाळच्या एसटीनं येतो आणि परतीची गाडी चुकली तर मुक्काम पडतो. त्याची एका दिवसाची मजुरी बुडालेली असते. त्याला ‘उद्या ये’ म्हणणं म्हणजे त्याच्याकडून दोन दिवसांची मजुरी आणि दोन वेळचं भाडं घेणं. म्हणून लांबच्या गावचं काम आधी हातात घ्या, गावातला माणूस संध्याकाळी परत येऊ शकतो. आज होणार नसेल तर तसं तोंडावर सांगा आणि फोन नंबर घेऊन झाल्यावर कळवा.

त्याच्या भाषेत चार शब्द शिका. सिरोंच्याकडे तेलुगू, चामोर्शी-मुलचेऱ्याकडच्या वसाहतींत बंगाली, धानोरा-कोरचीकडे गोंडी, भामरागडकडे माडिया. दारात आलेल्या म्हातारीला तिच्या बोलीत ‘बस’ म्हटलं तर पुढचं सगळं सोपं होतं.

आणि विचारा. गडचिरोलीत १९८६ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. दवाखाना कसा हवा, हे त्यांनी इथल्या आदिवासींनाच विचारलं. लोकांना मोठ्या इमारतीची भीती वाटत होती, रुग्णासोबत नातेवाइकांना राहायला जागा हवी होती. म्हणून ‘सर्च’च्या शोधग्राममधला दवाखाना गावातल्या झोपड्यांसारखा बांधला गेला आणि लोकांच्या इच्छेप्रमाणे त्याला माँ दंतेश्वरीचं नाव मिळालं. एवढ्या शिकलेल्या डॉक्टरांनी आधी विचारलं. मग आपण आपल्या गिऱ्हाइकाला ‘दुकान किती वाजता उघडं असलं तर बरं पडेल?’ हे विचारायला काय हरकत आहे?

कागद आणि अंग

कागदपत्रांची भीती बाळगू नका, टाळाटाळही करू नका. उद्यम नोंदणी आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते आणि ती पूर्ण मोफत आहे. सेवा व्यवसायाची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. खाण्याचे पदार्थ विकत असाल तर अन्न परवान्याची नोंदणी पहिल्या दिवसापासून हवी, डबा घरातून जात असला तरी.

कारखान्यात किंवा खाणीत ठेकेदाराच्या हाताखाली काम घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. काम होतं आणि बिल सहा-सहा महिने अडकतं, यात कित्येक नवे धंदे बुडतात. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणी असलेल्या छोट्या व्यावसायिकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं आणि दाद मागायला याच कायद्याखाली परिषद आहे. पण त्यासाठी काम घेण्याआधीची उद्यम नोंदणी, लेखी ऑर्डर आणि बिल दिल्याची पोच हवी. कापलेला टीडीएस विवरणपत्र भरून परत मागता येतो, तोही सोडू नका.

आणि तुमच्या दुकानातलं सगळ्यात महाग यंत्र म्हणजे तुमचं शरीर. तुम्ही आजारी पडलात की दुकान बंद. आपल्याकडे पावसाळ्यात मलेरिया आहे. ताप अंगावर काढू नका, त्याच दिवशी रक्त तपासा. बँकेतून वर्षाला २० रुपयांत अपघाताचा आणि ४३६ रुपयांत आयुष्याचा, प्रत्येकी दोन लाखांचा सरकारी विमा मिळतो. दुकान उघडताना नारळ फोडता, त्याच दिवशी हे दोन अर्ज भरा.

एकट्यानं लढू नका

धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखानं सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचा अधिकार घेतला. त्यामागं गावातल्या अभ्यासगटाची वर्षानुवर्षांची बैठक होती. एखादा प्रश्न आला की आधी बसायचं, माहिती घ्यायची, बोलायचं आणि सगळ्यांचं एकमत झाल्यावर पाऊल उचलायचं. आपल्यालाही असा अभ्यासगट करता येतो. तालुक्यातले चार-पाच नवे दुकानदार, वेगवेगळ्या कामांचे, महिन्यातून एका संध्याकाळी बसा. प्रत्येकानं आपली वही आणावी आणि मनातली एक अडचण मोकळेपणानं सांगावी. पहिल्या वर्षात माणूस कमी कमाईपेक्षा एकटेपणानं जास्त मोडतो. जुलैच्या रिकाम्या दुपारी त्याला वाटतं की अपयश फक्त आपल्याच वाट्याला आलंय. शेजारच्याची वही पाहिली की कळतं, पाऊस सगळ्यांवर पडतोय.

शेवटची विनंती दुकानदारांना नाही, तुम्हा बाकीच्यांना आहे. गावातल्या पोरानं दुकान टाकलं, पोरीनं पार्लर उघडलं, तर शुभेच्छांच्या फ्लेक्सवर खर्च करू नका. काम द्या आणि पैसे त्याच दिवशी द्या. ओळखीच्या जोरावर फुकट काम मागू नका. काही चुकलं तर बाजारात बोलण्याआधी त्याला दुकानात जाऊन सांगा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनो, जुलै-ऑगस्टमध्ये ‘सोड हे, नोकरी बघ’ असं म्हणायची घाई करू नका. धान रोवल्यावर पंधरा दिवसांत कुणी लोंबी शोधत नाही.

आणि दुकानदारांनो, पोळा झाला की वही उघडा. गिऱ्हाईक परत येतंय का, उधारी वसूल होतेय का, घरखर्च निघून चार पैसे उरतात का, हे पाहा. तिन्ही उत्तरं ‘हो’ असतील तर आता वाढवा. एखादं ‘नाही’ असेल तर तेवढंच दुरुस्त करा. तिन्ही ‘नाही’ असतील तर कर्ज वाढायच्या आत दुकान बंद करा आणि ताठ मानेनं दुसरं काम धरा. शिकलेला हात वाया जात नाही. पण हा निर्णय पोळ्यानंतर, वही पाहून करायचा आहे, पावसाच्या झडीत भिजत बसून नाही.

माझ्या आईच्या हाताला लागलेल्या त्या चिखलावर हे दुकान उभं राहिलं. तुमच्या घरातल्या कुणाला तुमच्या हप्त्यासाठी दुसऱ्याच्या बांधीत उतरावं लागू नये, म्हणून हे सगळं लिहिलं. तीस हजार बाजूला ठेवा, वही लिहा, दिलेला शब्द पाळा. पुढच्या पोळ्याला बैल धुवायला नदीवर जातील, तेव्हा रस्त्यावरून जाणाऱ्यांना तुमचं शटर वर गेलेलं दिसू द्या.